आधी पडायला शिकव

अगं, टोरंटोत डिसेंबर लागला की पालिकेच्या उघड्या रिंक गजबजतात. शेजारची पोरं पाहून तुझा लेकही स्केट्सचा हट्ट धरणार. माझी मुलं-नातवंडं इथंच शिकली, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवते.

स्केट्स वाढत्या अंगाचे घेऊ नकोस. आत पाय हलला की घोटा कलंडतो. स्केटचा नंबर बहुधा नेहमीच्या बुटापेक्षा एक-दीडने लहान लागतो, तेव्हा पायात घालून बघ. मोजा एकच आणि पातळ. नाडी बोटांपाशी सैल, घोट्याच्या बाकाशी घट्ट. नव्या ब्लेडला बऱ्याचदा धार नसते, ती दुकानातच लावून घे. बोथट ब्लेडवर पोर नुसतं घसरतं आणि आपण त्यालाच बोल लावतो.

हेल्मेट सायकलचं नको, हॉकीचं घे. बर्फावर पोरं मागेही आपटतात आणि हे हेल्मेट डोक्याची मागची बाजूही झाकतं. लोंबता मफलर घरी ठेव, हातमोजे मात्र विसरू नकोस.

पहिला धडा घरात, सतरंजीवर. तोल गेला की गुडघे वाकवून कुशीवर लवंडायचं, मुठी मिटून छातीशी घ्यायच्या. पसरलेल्या बोटांवरून दुसऱ्याचं ब्लेड जाऊ शकतं. उठताना आधी रांगायचं, मग एक पाऊल पुढे रोवून दोन्ही हात त्या गुडघ्यावर टेकायचे आणि उभं राहायचं. बर्फावर पोर पडलं की तू लगेच धावू नकोस. आपलं आपण उठता आलं की निम्मी भीती तिथंच सरते.

मग चालणं. टाचा जवळ, चवडे बाहेर, बदकाची चाल. गुडघे मऊ, नजर समोर. चार पावलं टाकायची आणि दोन्ही पायांवर घसरत जायचं. समोरून हात धरून ओढलंस तर ते कंबरेत वाकतं आणि सगळा तोल तुझ्यावर सोडतं. त्यापेक्षा बाजूनं चाल. मधूनच एखादं मऊ खेळणं बर्फावर टाक आणि त्याला उचलायला लाव, गुडघे आपोआप वाकतील. ढकलायची चौकट मिळते, ती पहिल्या एक-दोन खेपांपुरतीच. नाहीतर अंग तिच्यावर रेलायला शिकतं.

थांबणं कठडा धरून शिकव. चवडे आत, टाचा बाहेर ढकलत बर्फ खरवडायचा. बर्फाचा भुगा निघाला की जमलं समज. थांबता येईपर्यंत वेगाचं कौतुक करू नकोस.

गोठलेल्या तळ्यावर मात्र हौसेनं नेऊ नकोस. कॅनडाचं रेड क्रॉस एकट्यासाठी निदान 15 सेंटिमीटर आणि घोळक्यासाठी 20 सेंटिमीटर जाडीचा बर्फ सांगतं. ओटावाच्या रिडो कालव्यावरचा बर्फ नेमानं तपासला जातो, तरी 2022-23 च्या हिवाळ्यात तो पुरेसा न धरल्यानं कालवा स्केटिंगला उघडलाच नाही. मग घरामागच्या तळ्याचा काय भरवसा?

लहानग्याला अर्धा तास पुष्कळ. 'अजून थोडं' म्हणत असतानाच बाहेर काढ, म्हणजे पुढच्या वेळी ओढून न्यावं लागणार नाही. आणि घरी आल्यावर ब्लेड कोरडं पुसून ठेव. ओलं ब्लेड रबरी कव्हरात राहिलं की गंजतं. हे काम लेकालाच सांग, त्याच्या हाताला तीही सवय लागू दे.