घरचा निर्णय कोणाचा?



अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून देवाघरी गेले. ते बाप्तिस्त पंथाचे होते, आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. तरी त्यांच्या संसारातून आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे.

१९४६ साली ते नौदलात अधिकारी झाले आणि त्याच वर्षी रोझलिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे ते पाणबुडीवर होते. १९५३ साली वडील वारले. जिमींनी नौदल सोडून गावी परतायचे आणि वडिलांचा भुईमुगाचा व्यवसाय सांभाळायचा असे ठरवले. हेतू चांगला होता. पण पत्नीला त्यांनी विचारलेच नाही. रोझलिनना नौदलातले जीवन आवडत असे. तीन लहान मुलांना घेऊन गावी जाताना वाटेत त्या पतीशी जवळजवळ बोलल्याच नाहीत. आपली ही चूक जिमींनी पुढे उघडपणे कबूल केली.

मात्र ते तेथेच थांबले नाहीत. व्यवसायाचे हिशेब रोझलिन पाहू लागल्या आणि हळूहळू पती-पत्नी खरे भागीदार झाले. भांडण झाले तर झोपण्यापूर्वी मिटवायचे, हा त्यांचा नेम होता. सूर्यास्तापूर्वी राग सोडावा, असे संत पौलही सांगतो (इफिस ४:२६). रोज रात्री दोघे मिळून बायबल वाचत. २००६ साली तो ८२ वर्षांचा नवरा आणि ती ७९ वर्षांची बायको आपल्या लोणावळ्याजवळ गरिबांची घरे बांधायला आली होती. ७७ वर्षांच्या संसारानंतर, नोव्हेंबर २०२३ मध्ये रोझलिन यांच्या अंत्यविधीला जिमी आजारपणातून उठून चाकाच्या खुर्चीत बसून आले.

आपल्याकडेही जहाजावर किंवा आखातात नोकरी धरताना, कर्ज काढताना, जमीन विकताना पत्नीला शेवटी कळते. "घरासाठीच केले ना!" हे उत्तर खरे असते, पण अपुरे असते. दुसऱ्यासाठी ठरवणे वेगळे आणि दुसऱ्याबरोबर ठरवणे वेगळे. विवाह संस्कारात आपण दुसऱ्या प्रकारचे वचन देतो.

चिंतनासाठी: या आठवड्यात जपमाळ झाल्यावर पती-पत्नींनी एकमेकांना विचारावे, "तुला न विचारता मी काय ठरवले?" उत्तर शांतपणे ऐकावे. क्षमा मागायची असेल तर त्याच रात्री मागावी.

आपला,
धर्मगुरू