जागा एकच, सहली दोन

अशी कल्पना करा की हिवाळ्यात न्हावा शेवाच्या खाडीकाठी दोन शाळांच्या सहली गेल्या. पहिल्या सहलीला दिसला नुसता चिखल. मुले कंटाळली, डबे संपवून परतली. दुसऱ्या सहलीला त्याच जागी चिखल्या, तुतवार अशा पाहुण्या पक्ष्यांचे थवे अगदी काठाजवळ दिसले. जागा एकच, मग फरक कशाने पडला?

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात किडे, शिंपले असे खाद्य असते. ते टिपत पक्षी दूरवर पांगतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलते. दुसऱ्या सहलीच्या गुरुजींना ही वेळ काढता येत होती, एवढाच फरक!

वेळ कशी काढावी?

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. भरतीही तितकीच मागे पडते. म्हणजे एका तिथीला सुमारे पाऊण तास. पौर्णिमेला व अमावास्येला मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते. म्हणून कोकणातला ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

पाणी सारख्या वेगाने चढते का?

नाही. भरतीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्श्यांनी चढते, असे ढोबळमानाने मानतात. एकूण चढ ३.६ मीटर असेल, तर पहिल्या तासात ०.३ मीटर, पण तिसऱ्या तासात ०.९ मीटर! पहिल्या तासाचा संथपणा पाहून जो निर्धास्त होतो, तोच फसतो.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येते. भरतीत किल्ला पाण्याने वेढला जातो. पौर्णिमेला दुपारी बाराला तेथे पोचलात, तर किल्ला लांबूनच पाहावा लागेल. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास असते खरी, पण ती भांगाची; पाणी उधाणाइतके मागे हटत नाही. वाट ओली राहू शकते. म्हणून पाणी उतरत असतानाच जावे आणि ते चढू लागण्यापूर्वी परत निघावे.

जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू खुला झाला. या किनाऱ्यावर पोचणे सोपे झाले, पण भरतीचे गणित प्रवाशानेच करायचे आहे.

करून पाहा : दिनदर्शिकेतली आजची तिथी घ्या, भरतीची वेळ काढा आणि छापील कोष्टकाशी ताडून पाहा. किती मिनिटांचा फरक पडला? ठोकताळा अंदाजापुरताच आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी अधिकृत कोष्टक पाहा आणि तेथल्या कोळी बांधवांना जरूर विचारा.