वळवाचा वारा आणि लहान होडी



आपल्या पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही. पण आपली पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेत जाते, आणि देहू-आळंदीवरून येणारी इंद्रायणीही तुळापूरला भीमेलाच मिळते. हे पाणी जाऊन साठते ते उजनी धरणात. तेथे अनेक कुटुंबे छोट्या होड्यांतून जाळी टाकून पोट भरतात. रस्त्याचा मोठा वळसा वाचावा म्हणून गावकरी होडीनेच पैलतीर गाठतात. हिवाळ्यात आपली मंडळीही मुलाबाळांसह भिगवणला रोहित पक्षी पाहायला जातात, ती अशाच होड्यांतून. म्हणून हा विषय आपला आहे.

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी सोसाट्याच्या वाऱ्यात सापडून उलटली. होडीत सात जण होते. एक जण पोहत काठाला लागले. सहा जण बुडाले, त्यांत दोन लहान मुले होती.

मे महिन्यातील संध्याकाळ हीच वळवाची वेळ. दिवसभर तापलेल्या जमिनीवर उंच ढग चढतो. पाऊस पडू लागला की त्याने थंड झालेली जड हवा ढगाखालून वेगाने खाली येते आणि जमिनीला टेकून चारी दिशांना पसरते. म्हणजे वारा पावसाच्या आधी पोचतो. डोक्यावर आभाळ निरभ्र असताना होडी संकटात सापडते ती यामुळेच. खुणा मात्र दिसतात: क्षितिजावर काळा ढग, पैलतीरावर उठलेली धूळ, उकाड्यात अचानक लागलेली गार झुळूक. झुळूक लागली की हातात फार थोडी मिनिटे असतात. धरणाच्या पाण्यात लाटा समुद्राएवढ्या उंच नसतात, पण आखूड आणि एकीला लागून एक येतात. एका लाटेतून होडी सावरते न सावरते तोच दुसरी आदळते.

मग करावे काय? ढग दिसताच जवळचा काठ गाठावा, मग तो आपल्या गावचा असो वा नसो. येथेच माणूस अडखळतो. जाळे पाण्यात आहे, त्याला पैसे पडले आहेत, मासळी लागली असेल. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात नेमके हेच उदाहरण घेतले आहे. वादळात जहाजावरचा माल समुद्रात टाकणे हे स्वेच्छेचे कृत्य की सक्तीचे? एरवी कोणी आपला माल फेकून देत नाही. पण जीव वाचवायचा तर शहाणा माणूस तो टाकतो, म्हणून ते कृत्य त्याच्या इच्छेचेच मानावे, असा त्याचा कल आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ वाचा. पौलाच्या जहाजावर प्रथम माल गेला, मग जहाजाचे सामान, शेवटी गहू. आणि २७६ माणसे वाचली. (निघू नका, असे पौलाने आधीच सांगितले होते. पण शताधिपतीला तांडेल आणि जहाजमालक यांचे म्हणणे अधिक पटले.) जाळे सोडायचे की नाही, हा निर्णय लाटेत घेता येत नाही, तो निघण्यापूर्वीच मनाशी झालेला असावा लागतो.

वाऱ्याने गाठलेच तर होडीचे तोंड लाटेकडे ठेवावे. आडव्या लाटेने होडी उलटते. इंजिनाचा वेग कमी करावा, पण बंद करू नये. सर्वांनी तळाशी, मधोमध बसावे. घाबरून सगळे एका बाजूला सरकले तर वाऱ्याची गरजच उरत नाही. आत आलेले पाणी उपसत राहावे, कारण ते कललेल्या बाजूलाच धावते आणि होडी आणखी कलवते. इंजिन बंद पडले तर नांगर पुढून टाकावा. नांगर तळाला पोचत नसेल तर दोरीला बादली बांधून पुढून सोडावी, म्हणजे तोंड वाऱ्याकडे राहते. मागून नांगर टाकला की लाटा सरळ आत येतात.

आणि लाइफ जॅकेट. चाकणच्या कारखान्यात सेफ्टी शूज हातात धरून कोणी मशीनवर उभे राहत नाही. मग होडीत जॅकेट बाकाखाली का? पाण्यात पडल्यावर ते घालणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जाते. काठावरच घालावे, पट्टे आवळावेत. मुलाला मुलाच्या मापाचे हवे. मोठ्याचे जॅकेट डोक्यावरून निसटते. भिगवणला होडीवाला पुरेशी जॅकेटे देत नसेल, तर पक्षी काठावरून पाहावेत.

होडी उलटून तरंगत राहिली तर तिला धरून राहावे. काठ दिसतो त्यापेक्षा दूर असतो, आणि शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून खिशात ठेवावा. धरणावर मदतीसाठी ११२ लावावा. वसई-कोकणात समुद्रावर असाल तर तटरक्षक दलाचा १५५४. आणि निघताना काठावरच्या एकाला तरी सांगून जावे की आपण किती जण आहोत आणि किती वाजता पोचणार आहोत.