अळंबीची ओळख : व्याख्यान, बैठक आणि रानफेरी

पावसाच्या चार जोरदार सरी होऊन गेल्या आणि मध्ये दोन दिवसांची उघडीप मिळाली, की कोकणातील व गोमंतकातील जाणती माणसे पहाटेच वारुळांच्या वाटेला लागतात. रात्रीतून वर आलेली अळंबी एकदोन दिवसांत उमलून विरून जाते. तेवढ्या अवधीत ती ज्याला सापडते, त्याच्या घरी त्या दिवशी सणाचे जेवण होते. नेमक्या याच दिवसांत परसात आणि उकिरड्यावर उगवलेल्या, जवळजवळ तशाच दिसणाऱ्या छत्र्यांना ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून मुले पायाने उडवीत असतात. एकीला ताटात स्थान आणि दुसरीला लाथ, हा निवाडा मुळात कोणी केला? कोणत्याही ग्रंथाने नव्हे. आजीने, मामाने, रानात सोबत नेणाऱ्या शेजाऱ्याने बोट दाखवून ‘ही घे, ती नको’ असे सांगितले, आणि ते ज्ञान पुढे चालत आले.

ही परंपरा मोठी विश्वासार्ह आहे. मात्र ती ठरावीक रान आणि ठरावीक जाती यांच्यापुरतीच. माणूस पोटापाण्यासाठी दुसऱ्या मुलखात गेला, की तेथील छत्री त्याला गावाकडच्या छत्रीसारखीच वाटते. घात होतो तो येथेच. सांगणारे माणूस जवळ नसले, की लोक ठोकताळ्यांचा आधार घेतात. अळंबीसोबत चांदीचे नाणे किंवा लसणाची पाकळी शिजवावी, ती काळी पडली नाही तर अळंबी निर्धोक समजावी. किड्यांनी कुरतडलेली अळंबी माणसालाही चालते. भरपूर उकळली की विष निघून जाते. हे ठोकताळे अनेक देशांत प्रचलित आहेत आणि ते सर्वच्या सर्व खोटे आहेत.

युरोपात ओक वृक्षांखाली उगवणारी ‘अमानिटा फॅलॉइडीस’ ही फिकट हिरवट छत्री या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. तिच्यातील विष शिजवल्याने किंवा वाळवल्याने नष्ट होत नाही. ती चवीला वाईट नसते, हे अधिकच वाईट. खाल्ल्यानंतर साधारणतः सहा ते चोवीस तासांपर्यंत काहीही जाणवत नाही. मग उलट्या व जुलाब सुरू होतात. पुढे एखादा दिवस बरे वाटते, रोगी उठून बसतो आणि घरचे निश्चिंत होतात. आतून यकृताचा नाश मात्र चालूच असतो. आपल्या देशातही अशा दुर्घटना घडतात. 2022 च्या एप्रिल महिन्यात आसाममध्ये रानटी अळंबी खाल्ल्याने दहाहून अधिक माणसे दगावली. त्यांत चहामळ्यांच्या वस्त्यांतील अनेक जण होते.

अळंबीची ओळख नुसत्या चित्रावरून होत नाही. ताजा नमुना हाती घेऊन, जाणत्याच्या शेजारी बसूनच ती करून घ्यावी लागते. ही गोष्ट ओळखून इंग्लंडमध्ये एक प्रथा सुरू झाली, तिला आता दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. हेरफर्ड परगण्यात 1851 साली स्थापन झालेल्या वूलहोप निसर्गप्रेमी मंडळात डॉ. हेन्री ग्रेव्ह्‌ज बुल हे एक वैद्यकीय व्यावसायिक होते. सफरचंदाच्या जातींवरील एका प्रसिद्ध सचित्र ग्रंथामागेही हेच मंडळ व हेच डॉक्टर होते, यावरून त्यांच्या उत्साहाची कल्पना यावी. त्यांनी 1868 च्या शरद ऋतूत सभासदांना ‘छत्र्यांवरील स्वारी’चे निमंत्रण दिले. मूळ इंग्रजी शब्द लुटीसाठी घातलेल्या धाडीचाच आहे. स्वाऱ्यांचा इतिहास वाचलेल्या मराठी वाचकाला त्याची गंमत सहज कळावी. दिवसभर रान धुंडाळावयाचे, सायंकाळी नमुने मेजांवर मांडून त्यांवर चर्चा करावयाची आणि शेवटी जाणत्यांनी पारखलेल्या जातींचे पदार्थ करून एकत्र जेवावयाचे, असा या स्वारीचा परिपाठ पडला. एम. सी. कुक यांच्यासारखे नामवंत अभ्यासक तेथे येत. डॉ. बुल 1885 साली निवर्तले, तरी हा वार्षिक उपक्रम 1892 पर्यंत चालू राहिला.

पुढे यॉर्कशायरमधील निसर्गप्रेमींनी हीच वाट धरली आणि त्यांच्या मेळाव्यातून 1896 साली ब्रिटिश कवकशास्त्र संस्थेचा जन्म झाला. फ्रान्समधील तशीच संस्था त्याआधी, 1884 सालीच उभी राहिली होती. अशा मंडळींत केवळ प्राध्यापक असत, असे नव्हे. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिन्टॉश हे टपाल वाटणारे गृहस्थ. रोज मैलोगणती पायपीट करताना त्यांनी रानातील कवकांची अशी माहिती मिळविली, की पुढे बालकथांमुळे जगप्रसिद्ध झालेल्या बीट्रिक्स पॉटर त्यांचे मार्गदर्शन घेत. पॉटरबाईंनी बीजाणूंच्या रुजण्याविषयी लिहिलेला निबंध 1897 साली लंडनच्या लिनियन सोसायटीत सादर झाला; तेथील सभांना स्त्रियांना मज्जाव असल्यामुळे त्या स्वतः हजर राहू शकल्या नाहीत. रानफेऱ्यांतून वाढलेल्या कवकशास्त्र संस्थेने मात्र 1907 साली ॲनी लॉरेन स्मिथ या विदुषींना अध्यक्षपद दिले. चिखल तुडवीत हिंडणाऱ्यांमध्ये उच्चनीचतेला फारसा वाव उरत नसावा!

अशा रानफेरीची पद्धत पाहण्यासारखी असते. नमुने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालीत नाहीत, कारण ते घामेजून कुजतात. परडी घेतात आणि प्रत्येक नमुना कागदात वेगळा गुंडाळतात. अळंबी उपटीत अथवा मोडीत नाहीत, तर बुडाखालची माती उकरून अख्खी काढतात. अमानिटा गटातील अनेक जातींच्या बुडाशी पातळ पिशवीसारखे आवरण असते. ते जमिनीतच राहिले, तर ओळखीची महत्त्वाची खूणच हरवते. उलट, वारुळावरील अळंबीचा दांडा मुळासारखा खोल जाऊन वाळवीच्या घरापर्यंत पोहोचतो. वाळवी स्वतःच्या अन्नासाठी तेथे कवकाची शेती करते आणि ही अळंबी त्या शेतीचेच फळ होय. नमुना कोणत्या झाडाखाली, लाकडावर, शेणावर की मातीत मिळाला, त्याचा वास कसा होता, कापल्यावर रंग बदलला काय, याची नोंद जागेवरच करतात.

परत आल्यावर बीजाणूंचा ठसा घेतात. हा प्रयोग कोणत्याही शाळेत बिनखर्चाने करता येतो. छत्रीचा दांडा कापून ती अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवावी, वर वाटी झाकावी आणि रात्रभर हलवू नये. सकाळी खालच्या पडद्यांची नक्षी बीजाणूंच्या भुकटीने कागदावर उमटलेली दिसते. अमानिटाचा ठसा पांढरा येतो, वारुळावरील अळंबीचा गुलाबीसर, तर पावसाळ्यात हिरवळीवर उगवून हटकून उलट्या करविणाऱ्या एका मोठ्या पांढऱ्या छत्रीचा चक्क हिरवट. अर्थात, एका खुणेवर निर्णय कोणीही देत नाही. मेजाभोवती तासन्‌तास वाद चालतो तो सर्व खुणा जुळवून पाहण्यासाठीच. एवढे करूनही काही नमुने ‘अनिश्चित’ अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवतात. जगात कवकांच्या सुमारे दीड लाख जातींचीच नोंद झाली असून प्रत्यक्षात त्या 22 ते 38 लाख असाव्यात, असा अंदाज 2017 साली मांडला गेला. तेव्हा त्या चिठ्ठीचे नवल वाटू नये.

महाराष्ट्रात या अभ्यासाचा पाया जुना आहे. पुण्यात 1946 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत प्रा. मा. ना. कामत यांनी कवकशास्त्राची परंपरा रुजविली. 1971 साली राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने राज्यातील कवकांची सूची प्रसिद्ध केली. 1973 साली स्थापन झालेल्या भारतीय कवकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकाचे नावही ‘कवक’ असेच आहे. उणीव आहे ती हे शास्त्र आणि रानातले शहाणपण यांच्या एकत्र बसण्याची.

ग्रामपंचायतींना त्यासाठी एक निमित्त हाताशी आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. या नोंदवहीत झाडे आणि पक्षी सहज येतात, अळंबी मात्र बहुधा राहून जाते. समितीने जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि गावातील दोन जाणत्या वृद्धा यांना पावसाळ्यात एका सकाळी बरोबर रानात न्यावे. शिक्षकांनी मुलांसह वही-पेन्सिल घेऊन मागे राहावे. वृद्धेने सांगितलेले नाव, जागा, नक्षत्र आणि उपयोग एका बाजूस, प्राध्यापकांनी दिलेले शास्त्रीय नाव दुसऱ्या बाजूस लिहावे. वारुळे दाखवावीत, पण खणू नयेत. आणि सर्वच कळे खुडले तर बीजाणू पसरण्यास उमललेली छत्री उरत नाही, हेही मुलांना तेथेच दाखवावे.

वूलहोपच्या परिपाठातील शेवटचे कलम, म्हणजे ते सामुदायिक जेवण, तेवढे मात्र उचलू नये. त्या दिवशी गोळा झालेली अळंबी शाळेच्या मेजावर राहील, चुलीवर जाणार नाही, असे निघण्यापूर्वीच सर्वांना सांगावे. हाताळून झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुवून घ्यावेत. आणि गावात कोणी रानटी अळंबी खाऊन आजारी पडलेच, तर उलट्या थांबल्या म्हणून स्वस्थ न बसता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे व उरलेली अळंबी, शिजलेली असली तरी, कागदात गुंडाळून सोबत द्यावी.