राउटरची खाच खोल का होत जाते?

प्रश्न : वडिलांचं जुनं परदेशी राउटर मशीन खोलून साफ केलं आणि पुन्हा जोडलं. चालतं उत्तम; पण खोली 6 मिमीला लावली तरी खाच पुढे पुढे खोल होत जाते. जोडताना काय चुकलं असेल?
– एक वाचक, मरोळ

उत्तर : तुमची जोडणी बरोबर असेल, संशय बिटचा आहे. आधी नक्की काय सरकतंय ते पाहा. प्लग काढा, बिट आवळा आणि कोलेटच्या, म्हणजे बिट पकडणाऱ्या चिरा असलेल्या नळीच्या, अगदी तोंडाशी बिटच्या दांड्यावर मार्करने बारीक रेघ मारा. मोटर बेसमध्ये जिथे बसते तिथेही तशीच एक रेघ. टाकाऊ फळीवर हातभर खाच मारा, पुन्हा प्लग काढा आणि बघा. दांड्यावरची रेघ कोलेटपासून खाली उतरली असेल, तर बिटच बाहेर येतंय.

जुन्या परदेशी मशीनचं कोलेट पुष्कळदा पाव इंची, म्हणजे 6.35 मिमीचं असतं. आपल्याकडे 6 मिमी दांड्याचे बिट सर्रास मिळतात. फरक डोळ्यांना दिसत नाही, पान्यालाही आवळल्यासारखं वाटतं. पण मिनिटाला वीस हजारांच्या पुढे फेरे असताना ती पकड पुरत नाही. नागदेवी स्ट्रीटला बिट घ्यायला जाल तेव्हा कॅलिपर खिशात ठेवा. माप जुळत असेल, तर कोलेटच्या चिरांतला भुसा आणि राळ थिनरने काढा. बिट तळापर्यंत घालून दोनेक मिमी वर ओढा आणि मग आवळा. तळाला टेकलेलं बिट नीट पकडलं जात नाही.

बेसजवळची रेघ सरकली असेल, तर मोटरच्या अंगावरचं तेल पुसा. साफसफाईनंतर हौसेने तेल लावलं जातं, त्यावर भुसा बसतो आणि पकड सुटते. तिथे कोरडंच हवं. साफ करताना मोटरचे कार्बन ब्रशही काढले असतील तर ज्या बाजूचे त्याच बाजूला, त्याच तोंडाने बसवा, नाहीतर ठिणग्या वाढतात.

कोलेटला तडा दिसला किंवा भोक घासून मोठं झालं असेल, तर बदलावंच लागेल. मरोळ एमआयडीसीच्या गाळ्यांत लेथवर ते कातून मिळेलही, पण माइल्ड स्टीलचं अजिबात घेऊ नका. कोलेटला हार्डनिंग केलेलं स्प्रिंग स्टीलच लागतं. तसं मिळेपर्यंत मशीन चालू करू नका. सुटलेलं बिट थेट अंगावर येतं.