बालसंसदेची निवडणूक : हरलेल्या मुलांचं काय करायचं?



पुढच्या आठवड्यात आमच्या कसबा पेठेतल्या शाळेत बालसंसदेची निवडणूक आहे. इथल्या मुलांना निवडणूक म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. २६ फेब्रुवारी २०२३ ला कसबा पेठ विधानसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा ही मुलं लहान होती. पण गल्लीबोळांतल्या प्रचारफेऱ्या त्यांना अजून आठवतात. प्रचार, मतदान, गुलाल एवढं पक्कं ठाऊक आहे. गुलालानंतर काय, हे मात्र आपणच शिकवायचं असतं.

गेल्या वर्षी मी तिथेच चुकले. मतदान छान झालं, मंत्र्यांना बिल्ले लावले, फोटो काढला. पंतप्रधानपदाला तीन मतांनी हरलेली मुलगी गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसली. दोन दिवसांनी तिची आई भेटायला आली. "मॅडम, ती म्हणतेय, परत कध्धी उभी राहणार नाही." मला उत्तर सुचेना. आम्ही मंत्रिमंडळ निवडलं होतं, संसद नव्हे. संसदेत विरोधी बाकही असतात!

थोडी माहिती

विद्यार्थ्यांच्या युवा संसदेची कल्पना जुनी आहे. १९६२ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने तशी शिफारस केली. (प्रतोद म्हणजे आपल्या पक्षाच्या सदस्यांना सभागृहात हजर ठेवणारा पदाधिकारी.) पुढे १९६६ साली संसदीय कार्य मंत्रालयाने दिल्लीच्या शाळांपासून युवा संसद स्पर्धा सुरू केली. तिच्यात सत्ताधारी असतात तसे विरोधकही असतात आणि प्रश्नोत्तराचा तासही असतो.

मुलांना आणखी एक गोष्ट जरूर सांगा. विरोधी पक्षनेत्याच्या वेतनासाठी १९७७ साली संसदेने खास कायदा केला. म्हणजे सरकारला प्रश्न विचारणं हे देशाने मान्य केलेलं काम आहे, भांडण नव्हे.

आमची नवी रीत

१) दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळवणारा उमेदवार विरोधी पक्षनेता होतो. खऱ्या संसदेत हे पद मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला मिळतं. शाळेत पक्ष नसतात, म्हणून ही सोय.

२) महिन्यातून एका शनिवारी प्रश्नोत्तराचा तास. प्रश्न तीन दिवस आधी लेखी द्यायचे. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी; ते आम्ही सूचना फलकावर लावतो.

३) अध्यक्षही मुलांमधलाच. तो एरवी मत देत नाही, समसमान मतं पडली तरच देतो. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर मराठी घरातले होते, हे सांगितलं की मुलं कान टवकारतात.

४) मतदान गुप्तच. पुठ्ठ्याचा आडोसा पुरतो. हात वर करायला लावले, की मूल मैत्रीला मत देतं.

पहिल्याच तासाला काय झालं

त्या हरलेल्या मुलीला आम्ही विरोधी पक्षनेता केलं. तिचा पहिला प्रश्न होता : "मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तीन आठवडे मोडलेली आहे. कधी दुरुस्त होणार?" स्वच्छता मंत्री म्हणाला, "मी मॅडमना सांगितलंय." लगेच पूरक प्रश्न : "कधी सांगितलं?" सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. खरंच सांगितलं होतं त्याने. मीच विसरले होते. उभी राहून तसं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी कडी बसली.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, हा तास घेताना आपल्यालाही उत्तर द्यायची तयारी हवी. ती नसेल, तर मुलांच्या लक्षात यायला वेळ लागत नाही.

पालकांना एक विनंती. निकालाच्या दिवशी मूल घरी आलं, की "जिंकलास का?" एवढंच विचारून थांबू नका. "आता पहिला प्रश्न कोणता विचारणार?" असंही विचारा.

आणि हो, त्या मुलीने यंदा पुन्हा अर्ज भरलाय.