वेबसाइटचा धंदा: फराळाच्या ४३ ऑर्डरींनी शिकवलेले तीन धडे



"सर, वेबसाइट बनवायला शिकलो, आता धंदा कसा सुरू करू?" हा प्रश्न मला नेहमी येतो. ट्रेनर होण्याआधी मी स्वतः काही वर्षं हेच काम केलंय. म्हणून आज पुस्तकी सल्ला नाही. माझी एक चूक सांगतो आणि त्यातून मिळालेले तीन धडे.

घरगुती फराळ विकणाऱ्या एका काकूंची वेबसाइट मी वर्डप्रेसवर केली होती. तयार थीम घेतली, विक्रीसाठी वूकॉमर्स बसवलं. काकूंना ऑर्डरच्या फॉर्मवर एक जादा रकाना हवा होता, 'फराळ कोणत्या तारखेला हवा?' मी थीमची फाइल उघडली आणि त्यातच दहा-बारा ओळी लिहून टाकल्या. रकाना आला. काकू खूश, मी खूश.

वर त्यांना सांगितलं, "अपडेट आलं की करत जा काकू, सुरक्षिततेसाठी चांगलं." त्यांनी माझं ऐकलं! दिवाळीच्या आठ दिवस आधी थीम अपडेट केली. नवी फाइल जुनीच्या जागी बसली, माझ्या ओळी पुसल्या गेल्या. ऑर्डरी येत होत्या, पैसे जमा होत होते, फक्त तारीख येत नव्हती. दुसऱ्या रात्री फोन आला, "अरे, ४३ ऑर्डरी आल्यात, पण कुणाला कधी द्यायचं तेच कळेना." ऐन चकल्यांच्या घाईत काकू आणि त्यांची सून एकेकाला फोन करत बसल्या. एका बाईंना अमेरिकेला जाणाऱ्या माणसाबरोबर डबा पाठवायचा होता. तो माणूस तोवर निघून गेला होता. ती ऑर्डर गेली, आणि ते गिऱ्हाईकही.

चूक काकूंची नव्हती, शंभर टक्के माझी होती.

धडा १: दुसऱ्याच्या फाइलमध्ये हात घालू नका.
थीम म्हणजे दुकानाची सजावट, प्लगइन म्हणजे दुकानातलं यंत्र. रंग बदलला म्हणून वजनकाटा बंद पडतो का? नाही ना! म्हणून दिसण्यातले बदल चाइल्ड थीममध्ये करायचे, आणि रकाना, हिशोब, मेसेज असं 'काम करणारं' सगळं वेगळ्या प्लगइनमध्ये ठेवायचं. वर्डप्रेसने यासाठी 'हुक' दिलेत. 'ॲक्शन' हुक म्हणजे या टप्प्यावर माझंही काम कर. 'फिल्टर' हुक म्हणजे ही माहिती पुढे जाण्याआधी मला बदलू दे. मूळ फाइलला धक्का न लावता काम होतं. त्या रात्री मी तोच रकाना छोट्या प्लगइनमध्ये हलवला. पुढे तेच प्लगइन थोडा बदल करून केकवाल्याला आणि डबेवाल्या ताईंना दिलं. मेहनत एकदाच, कमाई तीनदा.

धडा २: मांडणी मोबाइलवर आणि खऱ्या मजकुरावर करा.
मी डिझाइन लॅपटॉपवर दाखवायचो. काकूंचं गिऱ्हाईक मात्र फोनवर बघायचं. 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा शब्द ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये मांडला. लवचिक चौकटी, लवचिक चित्रं आणि स्क्रीनच्या रुंदीनुसार बदलणारे नियम, एवढं त्याचं सूत्र. आणखी एक, नमुन्याचा मजकूर टाकून मांडणी मंजूर करून घेऊ नका. 'लाडू' एका ओळीत बसतो. 'ओल्या नारळाच्या करंज्या, अर्धा किलो' तीन ओळी खातं आणि खालचं बटण ढकलून देतं. आधी क्लायंटकडून खरी नावं, खरे फोटो, खरे भाव मागा. मगच मांडणीला हात लावा.

धडा ३: 'काय करणार नाही' तेही लिहा.
काकूंचं काम मी १२,००० रुपयांना घेतलं होतं. अंदाज होता ६ दिवसांचा, म्हणजे दिवसाला २,०००. पण "एवढं जरा करून दे" असं होत होत, दुरुस्ती धरून १९ दिवस गेले. दिवसाला ६३० रुपयांच्या आसपास पडले! त्यानंतर मी कोटेशनमध्ये चार गोष्टी लिहायला लागलो: पानं किती, बदलाच्या फेऱ्या किती, मजकूर कोण देणार आणि जादा कामाचा दर. शिवाय वर्षाची देखभाल वेगळी. त्यात बॅकअप घेणं आणि आधी चाचणीच्या कॉपीवर अपडेट करून बघणं आलं.

लक्षात घ्या, वर्डप्रेस २००३ पासून जीपीएल परवान्याखाली मोफत मिळतं. कुणीही उतरवून घेऊ शकतो. मग गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं? दिवाळीच्या आठ दिवस आधी साइट नीट चालेल, या भरवशाचे.

काकू पुढच्या वर्षीही माझ्याकडेच आल्या. कारण त्या रात्री मी "अपडेट तुम्ही केलंत" असं म्हटलं नाही. "चूक माझी, सकाळपर्यंत नीट करतो" म्हटलं, आणि केलं.

आजचा गृहपाठ: तुम्ही बनवलेली एक साइट घ्या. तिची कॉपी करा आणि कॉपीवर सगळी अपडेट मारा. काय मोडलं ते वहीत लिहा. गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला कळलं, तर तुम्ही धंद्याला तयार आहात.